जांभळीखालचा कोपरा

"हे माहं नाही," माझे सासरे, मामाजी म्हणाले. "हे तिचं हाय."

सिमेंटच्या टाक्यावर झाकलेल्या पत्र्यावर त्यांनी दोन्ही हात रोवून धरले होते. समोर वनरक्षक मडावी मॅडम उभ्या होत्या. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, आणि मोटारसायकलवरून आल्यामुळे केसांत सगळ्या रस्त्याची धूळ.

"तिचं म्हणजे कोणाचं, बाबाजी?"

"माह्या बायकोचं."

"मग त्यांना बोलवा बाहेर. त्यांच्याशीच बोलते मी."

माझा नवरा दिवाकर खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याने माती उकरत होता. ह्या घरातल्या पुरुषांचं हे नेहमीचंच काम. शेवटी दारातून मीच म्हटलं, "आई कार्तिकात गेल्या, मॅडम."

मडावी मॅडमनी पिशवी खांद्यावरून काढून ओट्यावर ठेवली आणि पाणी मागितलं. ह्या बाई आरडाओरडा करणाऱ्या नाहीत हे मला तेव्हाच कळलं.

ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. माझं लग्न त्याच साली जेठात झालं होतं. सासरचे लोक कोहळी, भंडाऱ्याकडचे, पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणारे. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला आमची स्वतःची बोडी होती, म्हणजे पावसाचं पाणी अडवून धानाला देण्यापुरता लहानसा तलाव. मामाजींच्या आजोबांनी तो खोदलेला. मामाजींना दोन मुलगे, थोरला नोकरीपायी बाहेरगावी, आणि एक बोडी, आणि तिघांत लाडकी कोण हे विचारायची गरज नव्हती. पाळीला, म्हणजे बोडीच्या बांधाला, कुठे उंदराने बीळ केलंय, कुठे पाणी झिरपतंय, ते त्यांना लांबून दिसायचं. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांची नजर अधू होती. त्या घरात कोणी कोणाला काही विचारायचं नाही अशीच रीत होती. मामाजींनी सांगायचं, बाकीच्यांनी करायचं. सासूबाईंनी सांगितलेलं मामाजीही करायचे, तेवढं खरं, पण का म्हणून विचारायचे नाहीत. मी माहेरी सतत प्रश्न विचारणारी पोर, त्यामुळे पहिल्या महिन्यातच माझं नाव 'वकीलीन' पडलं.

बोडीच्या एका कोपऱ्यात जांभळीचं मोठं झाड होतं आणि त्याच्या खाली भांडी घासायचा दगड. संध्याकाळी सासूबाई आणि मी तिथे बसायचो. सासूबाई भाताचा गंज, म्हणजे पातेलं, दगडावर ठणठण वाजवायच्या, आणि थोड्या वेळाने पाण्यातून बोटाएवढं नाक वर यायचं. मग डोकं, मग लांब मान. पाठीवर पिवळे ठिपके असलेलं ताटाएवढं कासव. गंजाच्या तळाची खरवड त्या पाण्यात सोडायच्या आणि ते खायचं. त्या त्याला पावणी म्हणायच्या. घरात चार शब्द न बोलणारी ती बाई तिथे अखंड बोलायची. माझ्याशी नाही, पावणीशी. मी राख लावून भांडी घासत बसायची आणि ऐकायची.

पाचच महिने मिळाले मला त्यांच्याजवळ. तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मामाजी भाताचा गंज घेऊन बोडीवर गेले. आम्ही पाहतच राहिलो, कारण उष्ट्या भांड्याला त्या माणसाने जन्मात हात लावला नव्हता. ते परत आले तेव्हा गंज रिकामा होता. "आली होती," एवढंच म्हणाले आणि खाटेवर पडले. तेव्हापासून रोजचंच सुरू झालं. मग गावात कोणीतरी उठवलं की पलीकडच्या गावची पोरं गळ घेऊन बोड्या-बोड्यांवर फिरतात आणि कासवं धरून खातात. आमच्या घरात मासोळीसुद्धा शिजत नाही. मामाजींनी त्या रात्रीचं जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी पावणी आमच्या अंगणात, बैलांची ढेप भिजवायच्या टाक्यात येऊन पडली, आणि मामाजींची खाट टाक्याजवळ.

तिथवरही ठीक होतं. पण मामाजींच्या पुतण्याने मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि मामाजींनी कौतुकाने काढू दिला. तो फोटो कुठे कुठे फिरला देव जाणे. पिवळे ठिपके बघून कोणीतरी चांदण्यांचं कासव आहे म्हणून ठरवलं, आणि तसं कासव लोक चोरून विकतात म्हणून मडावी मॅडम आमच्या दारात आल्या.

पाणी पिऊन झाल्यावर त्या टाक्याजवळ गेल्या. "पत्रा काढा, बाबाजी. मी काही करत नाही तिला."

मामाजींनी पत्रा बाजूला केला. मॅडमनी दोन्ही बाजूंनी धरून कासव वर उचललं. त्याने लगेच मान लांबवून त्यांच्या मनगटाकडे तोंड फिरवलं.

"चावते," मामाजी म्हणाले. आवाजात थोडा अभिमानच होता. "परक्या हाताले चावतेच."

"चावणारच. हे चांदण्यांचं नाही. ते जमिनीवरचं असतं, पाठ टणक आणि उंच. ह्याची पाठ बघा, कातड्यासारखी मऊ. हे गोड्या पाण्यातलं." मॅडमनी ते उलटं धरलं. पोटाचा रंग पिवळट पांढरा होता आणि मागच्या पायांजवळ कातडीच्या दोन झडपा होत्या. त्यांनी पायाला बोट लावलं तसा पाय आत गेला आणि झडप मिटली. "दिसलं? दार लावून घेतं. ह्या झडपांवरूनच ओळखायचं."

मामाजी वाकून बघत होते. "येवढे वर्स झाले, हे पायलंच नवतं."

"आणि ही खाच?" पाठीच्या डाव्या कडेला बोटाच्या पेराएवढा तुकडा नव्हता.

"कुत्र्यानं धरलं होतं," दिवाकर पहिल्यांदा बोलला. "मी लहान होतो. आईनं सोडवलं. हळद भरली होती."

मॅडमनी कासव परत पाण्यात सोडलं आणि ओट्यावर बसल्या. "बाबाजी, हे पाळता येत नाही. टाक्यात नाही, विहिरीत नाही, काचेच्या पेटीत नाही. वाघाला जेवढा कायदा, तेवढाच ह्याला."

"मी का मारून रायलो तिले? उलट वाचवून रायलो."

"माहीत आहे. पण कायद्याच्या भाषेत ह्याला कोंडून ठेवणंच म्हणतात. तुरुंग होतो."

"परवानगी काढतो."

"ह्याची परवानगी कोणालाच मिळत नाही."

मामाजींनी पत्रा परत टाक्यावर ओढला. मग एकदम म्हणाले, "माही बायको गेली न मॅडम. आता हे एवढंच हाय."

त्या माणसाच्या तोंडून असं काही बाहेर पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दिवाकर उठून गोठ्याकडे निघून गेला.

"हे आणलं कुठून तुम्ही?" मडावी मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

"आमच्याच बोडीतून."

"मग तिथेच सोडा, आत्ता, माझ्यासमोर. बोडी त्याचं घरच आहे. मात्र जाळी लावायची नाही, कुंपण घालायचं नाही, दोरी बांधायची नाही. राहिलं तर राहिलं. तुमच्या बोडीत राहूनही ते तुमचं नाही, एवढं ध्यानात ठेवा. मग तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही."

"आन् गेलं तं?"

"तर गेलं, बाबाजी."

ओल्या पोत्यात गुंडाळून मामाजींनीच तिला नेलं. जांभळीखालच्या दगडाजवळ पोतं उघडलं. पावणीने एकदा मान बाहेर काढली आणि मागे न बघता सरळ पाण्यात शिरली. थोडे बुडबुडे आले आणि तेही थांबले. मॅडम कागदावर सही घेऊन निघून गेल्या. मामाजी मात्र अंधार पडेपर्यंत तिथेच होते.

मग सुरू झालं वाट बघणं. मामाजी सकाळ-संध्याकाळ गंज घेऊन जायचे, ठणठण वाजवायचे आणि भरल्या गंजाने परत यायचे. रागावली असंन, म्हणायचे. टाक्यात कोंडलं म्हणून रागावली. मी म्हटलं, मामाजी, कासव कुठे रागावतं? तर माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप चुलीपुढे जाऊन बसले.

आणि एका संध्याकाळी ते धापा टाकत अंगणात आले. "बाई! आली वं! आली!"

मामाजींना पुढचे दोन दात नाहीत हे मला त्या दिवशी समजलं, कारण त्याआधी त्यांना हसताना मी पाहिलंच नव्हतं.

तो हिवाळा आमच्या घराला फार चांगला गेला. मामाजी बोलायला लागले. जेवताना सासूबाईंच्या गोष्टी सांगायचे. लग्नात ती बोहल्यावरच कशी झोपली होती, पाळ फुटली त्या साली रात्रभर डोक्यावर माती वाहून ती कशी कोणाआधी थकली नाही. दिवाकर घास हातात धरून ऐकत राहायचा, त्याने ह्यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं. "सोडली तरी रायली," मामाजी रोज एकदा तरी म्हणायचे. "कोणी बांधलं नाही, तरी रायली." ते कासवाबद्दल बोलत असत, पण ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

फाल्गुन सरला तसं बोडीचं पाणी खाली गेलं. धानाला देऊन उरलेलं होतं तेही उन्हाने आटत चाललं. आणि पावणी यायची थांबली.

मामाजी गंज वाजवत राहिले. आधी दगडावरून, मग पाणी मागे हटलं तसं चिखलात उतरून. वाजवून वाजवून गंजाला पोचे पडले. मी म्हणायची, येईल मामाजी, मागेही उशिरानेच आली होती. पण मला स्वतःला काय ठाऊक होतं? मी त्या घरातला उन्हाळा बघितलाच नव्हता. आणि ज्यांनी बघितले होते त्यांनी भांडी घासायच्या दगडाकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. दर उन्हाळ्यात ती अशीच दिसेनाशी होते की नाही, हे घरात एकालाही सांगता येईना. ते ज्यांना सांगता आलं असतं त्या आता नव्हत्या.

चैत्र संपता संपता मामाजींनी गंज फळीवर उपडा टाकला. "गेली," म्हणाले. "सोडली म्हणून गेली. टाक्यात असती तं रायली असती. त्या मडावी बाईचं आयकलं, माहंच चुकलं."

"दुसऱ्या बोडीत गेली असेल, मामाजी. पाणी बघून."

"जाऊ दे तिकडं. सारेच जाते."

त्यानंतर घर पुन्हा मुकं झालं. आधीपेक्षाही जास्त, कारण आता बोलणं कसं असतं ते आम्हाला कळलं होतं.

वैशाखात गावात गाळ काढायला जेसीबी आला. गावच्या मोठ्या मालगुजारी तलावाचं काम आटोपून ज्याची त्याची बोडी करून देणार होता. आमच्याकडे दरवर्षी माणसं लावून गाळ काढायचे आणि जांभळीखालचा कोपरा तेवढा सोडायचे. तिथे चिखल कमरेइतका साचला होता, पाणी आटलं तरी आतून ओला.

आदल्या दिवशी जेवताना दिवाकर म्हणाला, "बाबाजी, जांभळीखालचा कोपरा ठेवाचा न? आई तिथी कुदळ लावू देत नवती."

"काहून?" मी विचारलं.

दिवाकरने खांदे उडवले. मामाजींनी पाण्याचा घोट घेतला.

"असंन तिचं काही. भांडे घासाले बरं पडत असंन. आता कोण बसते तिथी?" ताटावरून उठता उठता म्हणाले, "घ्या तो बी. त्या गाळासारखा गाळ नाही कुठी."

गाळ खरंच सुरेख निघाला. काळाभोर, लोण्यासारखा. जेसीबीने एक एक घास उचलून ट्रॉलीत टाकला, ट्रॅक्टरने तो खालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नेऊन ढीग लावले आणि उन्हाने ढिगांची वरून भाकरी झाली. मामाजी पाळीवर उभे राहून बघत होते. गाळ काढलेली बोडी बघताना कोहळ्याला जे समाधान वाटतं ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. कितीतरी दिवसांनी त्यांनी त्या दिवशी मागून चहा घेतला.

मिरगाच्या आधी ढेकळं फोडायला आम्ही तिघं बांधीत गेलो. एका टोकाला दिवाकर, मधे मी, पलीकडे मामाजी. ते फावड्याच्या दांड्याने ढेकूळ उलटवायचे आणि ठोका मारायचे. तो ठोका थांबला म्हणून मी मान वर केली.

ते उकिडवे बसले होते आणि दोन्ही हातांनी एका मोठ्या ढेकळाची माती खरवडत होते, अगदी जपून, नखांनी. मी जवळ गेले. मातीच्या आत पाठ होती. वाळून कडक झालेली, मधोमध दाबली गेलेली. पाय आत ओढलेले होते आणि दोन्ही झडपा मिटलेल्या. मामाजींनी अंगठ्याने डावी कड पुसली. खाच होती.

"गेली नवती वं ती," ते म्हणाले. "इथीच होती."

मडावी मॅडमना मीच फोन केला. त्या दुपारी आल्या. त्यांनी ते कासव हातात घेऊन बघितलं, ढीग बघितला, वर बोडीकडे बघितलं आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं.

"पाणी आटलं की हे ओल्या चिखलात शिरून बसतं," त्या म्हणाल्या. "सारा उन्हाळा. खाणं नाही, पिणं नाही. पाऊस पडला की वर येतं. येणारच होतं, बाबाजी, थोडेच दिवस राहिले होते. तुम्हाला माहीत नव्हतं का?"

मामाजी जांभळीकडे बघत होते.

"तिले माहीत होतं," ते म्हणाले.

त्यांनी जांभळीखालच्या कोपऱ्याकडे हात केला.

"दर साली सांगे, तेवढा कोपरा सोडा. मी सोडे. चाळीस वर्स सोडला. पण काहून सोडाचा म्हणून एकडाव बी पुसलं नाही मी तिले." त्यांनी बोटांना लागलेली माती चोळली. "एकडाव बी नाही."

मॅडमनी पिशवीतून कागद काढला. मग म्हणाल्या, "हे मला न्यावं लागेल. नोंद करावी लागते. मेलेलंसुद्धा घरी ठेवता येत नाही."

मामाजींनी डोक्याचा दुपट्टा सोडला, त्यात ते गुंडाळलं आणि त्यांच्या हातात दिलं. "न्या," म्हणाले. "माहं नाहीच हाय ते."

त्या पावसाळ्यापासून मामाजी बदलले. दिसेल त्याला, दिसेल त्या गोष्टीबद्दल विचारायला लागले. बाई, मिठाची बरणी खाली काहून ठेवली? दिवाकर, तू डाव्या कुशीवर काहून झोपतो? पुढच्या वैशाखात जेसीबीवाल्याला म्हणाले, तो कोपरा सोड, आणि त्याने का म्हणून विचारायच्या आत त्याला जांभळीखाली बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. बिचारा मशीन सुरू ठेवून आला होता. वकीलीन हे माझं नाव मग कोणी घेईना, कारण घरात माझ्याहून मोठा वकील झाला होता.

फक्त एक प्रश्न विचारायला त्यांनी वर्ष घेतलं. एका संध्याकाळी मी भांडी घासत होते आणि ते पाळीवरून उतरून माझ्याजवळ येऊन बसले. पोचे पडलेला तो गंज हातात घेतला, फिरवून बघितला.

"बाई, तू तिच्यासंग बसत होती न इथी."

"हो, मामाजी."

"ती पावणीशी बोले म्हणते दिवाकर. काय बोले वं?"

मला सगळं आठवत होतं. खरवड पाण्यात सोडता सोडता सासूबाई कुठे दुखतंय ते सांगायच्या, रात्री पडलेलं स्वप्न सांगायच्या, माहेरच्या विहिरीची चव सांगायच्या. आणि भांडी गोळा करून उठताना रोज एकच वाक्य म्हणायच्या: "तू आयकते म्हणून सांगतो वं माय. घरी कोण पुसते?"

मामाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हातारा एवढासा झाला होता.

"काही नाही, मामाजी," मी म्हटलं. "ये, भात खा, एवढंच म्हणायच्या."

त्यांनी मान हलवली. गंज दगडावर ठेवला, पण वाजवला नाही. पाण्याकडे बघत अगदी हळू म्हणाले, "तेवढंच नसंन म्हणत ती."